होर्डिंग राहू द्या, आधी वाणाचं बघा

पत्र : सोलापुरात मधल्या मारुतीजवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात चालवलं. यजमान नोकरीत, त्यामुळे अलीकडे गल्ल्यावर मी बसते. स्टील, पितळ, तांबं, कुकर, मिक्सर, नॉनस्टिक असा माल आहे. मोठी मॉलसारखी दुकानं आली, लोक मोबाईलवरून मागवायलेत. या दिवाळीत धनत्रयोदशीचा दिवस सोडला तर गर्दीच नव्हती. एका जाहिरात एजन्सीनं तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलंय : सात रस्त्याजवळ एक होर्डिंग, एफएमवर स्पॉट, पेपरात दोन जाहिराती आणि इन्स्टाग्रामवर रील्स. मिळून १,८०,००० रुपये. वर ‘एक रुपयात कढई’ अशी ऑफर लावा म्हणतात. सासरे म्हणतात, आपल्याला कधी जाहिरात लागली नाही, पैसे पाण्यात घालू नको. नणंद म्हणते, आता रीलशिवाय काही खरं नाही. कोणाचं ऐकू? आणि पाटी नवी करायची आहे. तिच्यावर मराठीबरोबर तेलुगू-कन्नड घातलं तर चालतं का? (नाव छापू नये.)

ताई,

कोणाचं ऐकायचं ते मागाहून ठरवू, आधी हिशेब मांडू. स्टील वजनावर जातं, कुकर-मिक्सरमध्ये कंपनी ठेवेल तेवढंच सुटतं, पितळ-तांब्यात जरा बरं सुटतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. समजा, सरासरी शंभराला १५ रुपये सुटतात. मग एजन्सीचे १,८०,००० नुसते भरून निघायला १२,००,००० रुपयांचा माल जादा विकावा लागेल. नेहमीची विक्री धरायची नाही, तिच्या वरचा. तीन महिन्यांत, म्हणजे रोज १३,००० च्या वर. तिथवर पोचलात की फायदा शून्य, पुढे सुरू. हा आकडा कागदावर लिहून एजन्सीवाल्यासमोर ठेवा आणि विचारा, यातलं होर्डिंग किती आणेल, रेडिओ किती आणेल. तो म्हणेल, ‘मॅडम, ब्रँडिंग होतं.’ होतं ना. पण ज्याच्या चार गावांत शाखा आहेत त्याला ते परवडतं. तुमचं एक दुकान, एक गल्ला, आणि दारात गाडी लावायची सोय नाही. तरी लोक चालत येतात, कारण त्यांचं काहीतरी ठरलेलं काम असतं. ती कामं कोणती, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. माध्यमांची नावं आहेत, पण कोणता माल कुणाला कधी विकायचाय याचा शब्दही नाही.

भांडी काही लोक दर आठवड्याला घेत नाहीत. लग्न, बारसं, वास्तुशांत, धनत्रयोदशी, संक्रांतीचं वाण, अधिक महिन्यात जावयाचं वाण, आणि कुकर बिघडला की कुकर. प्रत्येक वेळी दुकानात येणारा वेगळा, ठरवणारा वेगळा, घाईचे दिवस वेगळे. म्हणून माध्यमही वेगळं. तुमच्या धंद्यात नुसती ‘दुकानाची जाहिरात’ फारशी कामाची नाही. वाणाची करा, आंदणाची करा, कुकरची करा. दुकानाचं नाव त्याच्या मागून जातं.

सगळ्यात जवळची तारीख वाणाची आहे. १४ जानेवारी २०२६ ला संक्रांत आणि २५ जानेवारीलाच रथसप्तमी. हळदीकुंकवाला जेमतेम बारा दिवस. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला. बायकांना ‘करू पुढच्या आठवड्यात’ म्हणायला जागा होती. या खेपेला नाही. म्हणजे वाणाची खरेदी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू होणार. त्यात आपल्याकडे सिद्धेश्वरांची यात्रा त्याच दिवसांत. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की जुन्या गावातले रस्ते गाड्यांना बंद, आणि जुळे सोलापूरची बाई दोन पिशव्या घेऊन तुमच्यापर्यंत येणार नाही. तुमची वाणाची जाहिरात १० जानेवारीच्या आत संपलेली पाहिजे. एजन्सीच्या पॅकेजमध्ये ही तारीख कुठे आहे का, बघा.

आता वाणाची गंमत अशी की तो माल स्वतःच जाहिरात आहे. एक बाई तीस-चाळीस वाट्या किंवा गाळण्या घेऊन जाते, आणि बारा दिवसांत ती तीस-चाळीस वस्तू तेवढ्याच वेगवेगळ्या घरांत पोचते. शिवाय ती घरं तिच्याच कॉलनीतली, तिच्याच ऐपतीची, आणि त्यातल्या कितीतरी जणींचं हळदीकुंकू अजून व्हायचंय. एवढी नेमकी माणसं निवडून देणारं माध्यम दुसरं कुठलं दाखवा मला. आणि आपण काय करतो? त्या वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. दुसऱ्याच्या पेपरात, दुसऱ्याच्याच जाहिरातीत!

दरानुसार वाणाचे तीन ढीग करा. स्वस्तातला, मधला, चांगला. प्रत्येकी पंचवीस नग आधीच बांधून ठेवा, वर दर ठळक लिहा. प्रत्येक नगाबरोबर बोटाएवढी छापील चिठ्ठी : दुकानाचं नाव, ‘मधल्या मारुतीजवळ’, फोन, आणि ‘वाणाच्या भांड्यावर नाव घालून मिळेल’. गोंदाचा स्टिकर नको. तो नखानं निघत नाही, काळा डाग राहतो आणि घासणारी बाई दुकानदाराच्या नावानं बोटं मोडते. वस्तूही अशा निवडा की ओट्यावर राहतील. शोभेची डबी फडताळात जाते, आणि पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून दुसरीकडे निघते. चहाची गाळणी, डाव, चिमटा, तेलाची छोटी बुधली रोज हातात येते.

नाव घालण्यावरून तुमच्या सासऱ्यांकडे वळतो. त्यांना कधी जाहिरात लागली नाही हे त्यांना मनापासून वाटतं, पण तसं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही घरातला जुना हंडा नाहीतर डबा हातात घ्या. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं असतात : ‘चि. सौ. कां. अमकी हिस लग्नानिमित्त मामाकडून सप्रेम भेट’, पुढे तारीख. देणाऱ्याला त्या नावाचं भारी कौतुक. मशीनची सुई कर्रर करत फिरत असताना गिऱ्हाईक काउंटरवर वाकून प्रत्येक काना-मात्रा तपासतं, ‘ओ, दीर्घ वेलांटी हाय बरं का’ म्हणून बजावतं. तेवढ्या वेळात त्याची नजर मागच्या फळीवर जाते आणि एक परात जादा खपते. हे सगळं तुमचे सासरे फुकट देत आले असतील, आणि ते भांडं पुढची चाळीस वर्षं घरात राहतं. त्या नावाच्या विरुद्ध बाजूला, तळाशी, बारीक अक्षरांत दुकानाचं नाव घालायला सुरुवात करा. गिऱ्हाइकाला विचारून, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. मोबाईलवरून मागवलेल्या हंड्यावर मामाचं नाव येत नाही. मॉलपुढे तुमचं जे वेगळेपण आहे ते हेच, आणि एजन्सीच्या चार पानी पॅकेजात त्याचा उल्लेखसुद्धा नसेल, पैज लावतो.

सासऱ्यांचं कुठे चुकतं तेही सांगतो. त्यांच्या काळात गाव तुमच्या दारावरून जायचं. आता निम्मं सोलापूर विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूरला राहायला गेलंय, तिथल्या तिथे बाजार करतंय. त्या घरातल्या सुनेला मधला मारुती फक्त नावानं माहीत. तिला कळवावं लागेल, नुसतं दुकान उघडून बसून भागणार नाही.

तिच्यासाठी पत्रक. पेपरात घालायचं साधं, अर्ध्या पानाचं. हे माध्यम जुनं म्हणून नाक मुरडू नका. छोट्या दुकानदाराला भाग निवडून देणारी याच्याएवढी स्वस्त गोष्ट अजून निघालेली नाही. पेपर विक्रेत्यांच्या सेंटरवर भल्या पहाटे गठ्ठे सुटतात, तिथे भागवार पत्रकं देता येतात. सगळ्या गावात एकदम टाकू नका. दोन भाग निवडा, एकाच भागात आठवड्याच्या अंतरानं दोनदा टाका. रविवार टाळा. त्या दिवशी पेपरातून फर्निचरचं, क्लासचं, बिर्याणीचं अशी चार पत्रकं एकदम गळतात आणि चारही थेट रद्दीत जातात. पत्रकावर वीस भांड्यांचे फोटो नकोत. वाणाचे तीन ढीग, तीन दर, शेवटची तारीख आणि दुकानाला कसं यायचं याचा हातानं काढल्यासारखा नकाशा. गाडी कुठे लावायची, तेही दाखवा! कोपऱ्यात एक अक्षर छापून घ्या, जुळे सोलापूरला ‘ज’, होटगी रोडला ‘ह’. ‘पत्रक आणा, नाव घालणं मोफत’ म्हणा. महिनाअखेर गल्ल्यात किती ‘ज’ आणि किती ‘ह’ जमले ते मोजलं की पुढच्या खेपेला कुठे टाकायचं ते आपोआप ठरतं. होर्डिंगचा असा हिशेब कधी मिळत नाही.

पेपरातली जाहिरात वेगळी. ती चौरस सेंटीमीटरवर विकली जाते, पानानुसार दर बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर भजी ठेवतात. तीन महिन्यांत दोनदा आलेली जाहिरात कुणाच्या ध्यानात राहत नाही. पण पेपर सोडू नका, राखून ठेवा. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे. मागचा अधिक महिना २०२३ च्या श्रावणात होता, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी ही संधी येतेय. लेक-जावयाला बोलावून तेहतीस अनारसे, तांब्याचं किंवा पितळेचं ताम्हन, निरांजन द्यायचं असतं. हे कोण ठरवतं? सासू-सासरे. घरात सकाळी पेपर पहिल्यांदा कोण उघडतं? तेच सासरे. पैसे कोण देतं? तेच. वाचणारा, ठरवणारा आणि पैसे मोजणारा एकच माणूस असेल तेव्हा पेपर फार चांगलं काम करतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात छोटीच जाहिरात, पण लागोपाठ तीन-चार दिवस, त्याच पानावर, त्याच जागी घ्या. गावात ‘संचार’ आहे, मोठ्या दैनिकांच्या सोलापूर आवृत्त्या आहेत. कुठला पेपर कुठल्या वस्तीत जास्त जातो ते एजन्सीपेक्षा तुमचा पेपरवाला खरं सांगेल. मजकुरात ‘ताम्हन-निरांजन संच’ आणि दर, बस्स. ‘भव्य’, ‘दिव्य’, ‘एकमेव’ काढून टाका. सोलापुरात एकमेव दुकान कुणाचंच नाही.

मे महिना लग्नसराईचाही. लग्नाचं गिऱ्हाईक तुमच्याकडे अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, तुळजापूरकडून येत असणार, सीमेपलीकडून इंडीकडचंही येत असेल. ही मंडळी भांड्यांसाठी म्हणून निघत नाहीत, बस्ता बांधायला निघतात. पंधरा-वीस माणसं गाडी करून येतात, चाटी गल्लीत किंवा नव्या पेठेत कपडा घेतात, आणि ‘आता भांडी कुठं बघायची’ हा प्रश्न कपड्याच्या दुकानातल्या गादीवर, चहाचा कप हातात असताना निघतो. तिथे उत्तर द्यायला तुमचं होर्डिंग नसतं, तो कापडवाला असतो. दोन-तीन कापड दुकानदारांशी बोला. त्यांच्या पिशवीत तुमचं कार्ड, तुमच्या संसार-सेटच्या खोक्यात त्यांचं. पैसे कुणीच कुणाला द्यायचे नाहीत. आणि त्या वऱ्हाडाला एक जाडसर कापडी पिशवी द्या, दुकानाचं नाव छापलेली. ती गावाकडे ज्वारी-शेंगदाण्याला वर्षभर वापरली जाते, आठवडी बाजारात फिरते. एसटीच्या पाठीवरची जाहिरात तालुक्याला पोचते खरी, पण महिन्यांच्या करारानं घ्यावी लागते. या वर्षी पिशवीच पुरे.

रेडिओबद्दल लोक टोकाची मतं ठेवतात. कुणाला वाटतं, आता ऐकतं कोण. कुणाला वाटतं, एकदा नाव वाजलं की रांग लागते. रेडिओची वेळ दहा-दहा सेकंदांच्या मापानं विकली जाते, आणि दहा सेकंदांत चित्र नाही, पत्ता लक्षात राहत नाही, फोन नंबर तर नाहीच. राहतं ते नाव आणि एखादी गोष्ट. म्हणून तीन महिन्यांत पसरलेले स्पॉट वाया जातात. तेच दहा दिवसांत दाबून वाजले तर निदान ‘हे काय रोज सांगायलेत’ म्हणून कान टवकारतात. आपल्या पूर्व भागात, विडी घरकुलाकडे, बायका घरी विड्या वळत बसतात. हात गुंतलेले, डोळे पानावर, कान मोकळे. त्यांच्याकडे दुपारी रेडिओ किंवा मोबाईलवर काहीतरी चालू असतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र खडखडाटात रेडिओचा उपयोग शून्य. हातात पैसे उरले तर वाणाच्या आधी दहा दिवस, दुपारचीच वेळ मागून बघा, आकाशवाणीचा दरही विचारा आणि एफएमचाही. मराठीत एक आणि तेलुगूत एक वाक्य. पैसे उरले नाहीत तर राहू द्या, काही बिघडत नाही.

आता ते होर्डिंग. सात रस्त्याला दुचाकीवरच्या माणसाकडे तुमच्यासाठी चार-पाच सेकंद असतात, त्यातही समोर रिक्षा, बाजूला बस. एवढ्यात सहा-सात शब्द वाचून होतात. होर्डिंग उत्तम काम करतं ते दिशा दाखवण्याचं : ‘पुढच्या चौकात डावीकडे’. तुमचं दुकान सात रस्त्यावरून तसं बाणानं दाखवता येत नाही. शिवाय सोलापुरातल्या प्रत्येक चौकात दादांच्या, भाऊंच्या, भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फलक इतके की तुमचा कुकर कुठल्या खांद्याच्या मागे झाकला जाईल सांगता येत नाही. आणि एक गंभीर गोष्ट. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. तेव्हापासून जाहिरातदारानंही विचारायला शिकलं पाहिजे. पुढेमागे कधी होर्डिंग घेतलंत तर महानगरपालिकेचा परवाना क्रमांक आणि सांगाड्याचं स्थैर्य प्रमाणपत्र दोन्ही हातात आल्याशिवाय धनादेश देऊ नका. ‘ते आमच्याकडे असतं मॅडम’ हे उत्तर चालवून घेऊ नका. भिंतीवर, खांबावर, झाडावर विनापरवाना काही चिकटवायचं तर १९९५ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि तिथे नाव तुमचं असतं, चिकटवणाऱ्या पोराचं नाही.

नणंदबाई म्हणतात ते पूर्ण खोटं नाही. फक्त रीलवर काय दाखवायचं, हा प्रश्न आहे. एजन्सीच्या रील्समध्ये गाणं लावून एक मुलगी पातेली हातात धरून हसेल. ती बघून पातेलं कोण घेतं? त्यापेक्षा कल्हईवाल्याला एक दिवस दुकानासमोर बसवा. पितळी पातेलं भट्टीवर तापतं, तो नवसागर टाकतो, पांढरा धूर भसकन वर येतो, कथलाची काडी टेकवतो आणि कापसाचा बोळा फिरवला की काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं उजळत जातं. मोबाईल आडवा-उभा न करता, गाणं न लावता, भट्टीच्या आवाजासकट एका मिनिटाचं चित्रीकरण करा. नणंदेलाच करू द्या, हौस आहे त्यांना. पितळेकडे, लोखंडी तव्याकडे, ट्रायप्लाय म्हणजे तीन थरांच्या कढईकडे आत्ता जो नवा वर्ग वळतोय तो तीस-पस्तिशीतला आहे आणि तो मोबाईलवरच आहे. त्यांना पितळेची भीती एकाच गोष्टीची असते : कल्हई कुठे करून मिळणार? तुमचं रील त्याचं उत्तर आहे. ‘महिन्याच्या पहिल्या रविवारी कल्हई करून मिळेल’ असं ठरवून टाका, मग ते लोक स्वतःच्या पायानं येतील आणि येताना आईचं पातेलं घेऊन येतील. पैसे भरून रील पुढे ढकलायचं तर सोलापूर शहराभोवतीचाच परिसर निवडा, पुण्या-मुंबईची लाइक मोजू नका. एखाद्या इन्स्टावाल्या प्रसिद्ध मुलीला पैसे देऊन बोलावलंत तर ती जाहिरात आहे हे तिनं स्पष्ट सांगायला हवं, तसे नियम आहेत.

फुकटातलं आधी करा. गुगलवर दुकानाची नोंद करून घ्या, तिला पैसे पडत नाहीत. वेळ, साप्ताहिक सुटी, बाहेरून काढलेला फोटो, आणि ‘कुकर दुरुस्ती, रबर, शिट्टी मिळेल’ हे आवर्जून. रात्री कुकरचं रबर गेलं की माणूस पेपर काढत नाही, मोबाईल काढतो. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या : एका यादीत २५६ माणसंच बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून बिल करताना गिऱ्हाइकाला म्हणा, ‘नंबर सेव्ह करा, कल्हईवाला कधी येणार ते कळवते.’ शुभ सकाळची फुलं पाठवलीत तर आठवड्यात ब्लॉक होणार, लिहून घ्या.

कंपनीच्या पैशांचं तुम्ही काही लिहिलं नाही. कुकर-मिक्सरच्या कंपन्यांकडे दुकानदाराच्या जाहिरातीसाठी वेगळी रक्कम असते. बोर्ड, शोकेसमधलं स्टँड, प्रात्यक्षिकाला माणूस, कधी पेपरातल्या जाहिरातीचा निम्मा खर्च. मागणाऱ्याला मिळतो. वितरकाचा माणूस ऑर्डर घ्यायला आला की आधी हे विचारा, मग ऑर्डर सांगा. फक्त फुकटच्या बोर्डावर कंपनीचं नाव हत्तीएवढं आणि तुमचं मुंगीएवढं करून देतात, ते होऊ देऊ नका. निम्मी जागा मागा. कुकरची जाहिरात तुमच्या पैशानं करायचीच नाही, कारण तोच कुकर मोबाईलवर दहा रुपयांनी स्वस्त मिळतो.

‘एक रुपयात कढई’ला माझा साफ नकार. पुरेसा साठा नसताना कमी किमतीचं आमिष दाखवून दुकानात ओढणं हे जून २०२२ च्या केंद्राच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरच्या नियमांविरुद्ध आहे. किती नग आहेत, किती वेळ आहेत, ते स्पष्ट लिहावं लागतं. नियम पाळूनही बघा काय होईल. सकाळी सहाला रांग, पन्नास कढया साडेनऊला संपणार, उरलेली दीडशे माणसं मधल्या मारुतीच्या चौकात उभी राहून तुमच्या घराण्याचा उद्धार करणार. आणि ज्या पन्नास जणांना मिळाली ते परत एक रुपयालाच येणार. द्यायचंच असेल तर नाव घालणं मोफत द्या, जुन्या पितळी भांड्याला कल्हईत सूट द्या. त्यातून तुमचंच गिऱ्हाईक पक्कं होतं.

उरलेलं पटकन सांगतो. केबलच्या स्थानिक चॅनेलवरची खालची पट्टी स्वस्त असते, पण ती बघताना लोकांचं लक्ष वरच्या बातमीकडे असतं. सिनेमागृहात मध्यंतराला लोक वडापावच्या रांगेत असतात. भोंगा लावून रिक्षा फिरवणं तालुक्याच्या बाजारात अजून चालतं. परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ बंद, दवाखाना-शाळा-कोर्टापासून १०० मीटर लांब. सेल लावून जुना माल काढायचा असेल तेव्हा करा, एरवी नको. शोकेस मात्र आज संध्याकाळीच आवरा. दारावरून जाणाऱ्याला ते दाखवायला तुम्हाला एक पैसा पडत नाही आणि तिथे बहुतेक दुकानांत धूळ बसलेला डिनर सेट असतो. दर महिन्याला त्यातला माल बदला, आणि प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा. किंमत न दिसणाऱ्या दुकानात नवी सून शिरत नाही, तिला वाटतं विचारलं की घ्यावं लागेल.

हे सगळं अधिक महिन्यापर्यंत ६०,००० च्या आत बसवा. त्यातले निम्मे आत्ता वाणाच्या चिठ्ठ्या, पत्रकं आणि पिशव्यांना. बाकीचे राखून, मेमध्ये पेपरसाठी. गल्ल्यावर एक वही ठेवा. बिल करताना सहज विचारायचं, ‘कसं कळलं आमचं?’, आणि पत्रक, रील, कापडवाला, पाहुण्याकडचं भांडं, जे सांगतील तिथे काडी मारायची. अधिक महिना संपला की ती वही सासऱ्यांनाही दाखवा आणि नणंदेलाही. एजन्सीला ‘आत्ता नको’ असं कळवा, आणि ‘मेमध्ये पेपरच्या जाहिरातीचं डिझाइन करून द्याल का’ एवढं विचारा. संबंध तोडायची गरज नाही, मांडणीचं काम त्यांना चांगलं जमत असेल.

पाटीचं. तेलुगू-कन्नड जरूर घाला, पूर्व भागातल्या आणि अक्कलकोटकडच्या म्हाताऱ्या बायकांना स्वतःच्या अक्षरांत ‘भांडी’ वाचली की पायरी चढायला संकोच वाटत नाही. फक्त दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात प्रत्येक दुकानाला, कामगार कितीही असोत, देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची आहे. मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं बाकीच्या लिप्यांपेक्षा लहान नकोत. रंगाऱ्याला हे मापासकट लिहून द्या. तेलुगू-कन्नडची वाक्यं मात्र ती भाषा घरात बोलणाऱ्याकडूनच तपासून घ्या, मोबाईलवरच्या भाषांतरानं पातेल्याचं भलतंच काहीतरी होतं. आणि रंगारी आलाच आहे तर त्याच दिवशी शटरही रंगवून घ्या. रात्री आणि सुटीच्या दिवशी तेच दिसतं. दुकानाचं नाव, फोन आणि ‘भांड्यांवर नाव घालून मिळेल’. कंपनीचा कुकर शटरवर अजिबात नको.